पोटाची वळी

मुजावर मॅडमनी आईच्या पोटाची वळी चिमटीत धरली, जरा उचलून बघितली आणि मला म्हणाल्या, "ताई, हे आपलं औषध."

आई तपासायच्या टेबलावर उताणी होती. नऊवारीच्या निऱ्या खाली सरकवलेल्या, पोट उघडं आणि उजव्या पायाला घोट्यापर्यंत बँडेज. "सोडा की ओ बाई," ती म्हणाली. "जल्मभर ह्या पोटाला समदी हसली, आन् तुमी औषध म्हंताय."

"हसू दे हसणाऱ्यांना. सोनं आहे हे, आजी."

"मग वितळवा आन् माज्या लेकीला पाटल्या करा. हात मोकळंच हायती तिचं."

मॅडम हसता हसता थांबल्या आणि त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मी हात पदराखाली घेतले. "पुढचं सांगा, मॅडम," मी म्हटलं.

मिरजेतली ही गोष्ट, आता तिला बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा गरम आहे हे कळायचं, पण बरा लागला की वाईट ते कळायचं नाही. लोक बोलायचे, मी उत्तरं द्यायचे, आणि ते निघून गेले की काय बोलले ते आठवायचं नाही. सांगलीच्या डॉक्टरनी "तुमच्या आईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल" असं सांगितलं तेव्हाही मी "बरं" म्हटलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे दोनदा बघितलं.

आईला साखरेचा आजार जुना. पायाला तर काही कळायचंच नाही. चप्पल निसटून मागं राहिली तरी ती तशीच पुढं जायची, आणि कुणीतरी हाक मारून सांगितलं की मग परत यायची. त्या उन्हाळ्यात तिनं मंगळवारी भर दुपारी मरगुबाईच्या टेकडीला जायला सुरुवात केली, तीही अनवाणी. आमच्या विट्यापासून टेकडी जवळ असली तरी देवळापुढची फरशी अशी तापायची की धडधाकट माणूस उड्या मारत सावलीला पळेल. आई मात्र सावकाश प्रदक्षिणा घालायची. एका मंगळवारी ती घरी आली तेव्हा उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओले ठसे उमटले होते. मला वाटलं, पाय धुऊन आली असेल. पुसायला फडकं घेऊन वाकले तेव्हा कळलं की ते पाणी नव्हतं. तिच्या टाचेचा फोड फुटला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

फोडाची जखम झाली, जखमेत पू झाला. तो खरवडून काढता काढता टाचेत लिंबू बसेल एवढा खड्डा पडला. खरवडताना आई छताच्या पंख्याकडे बघत पडायची आणि कंपाउंडरला विचारायची, "पोरा, तुजं गाव कंचं?" सांगलीवाले पाय काढा म्हणाले, आणि आमच्या एस्टी डेपोतल्या कुणीतरी मिरजेच्या फरझाना मुजावर मॅडमचं नाव सुचवलं. म्हणून आम्ही तिथं होतो.

"चरबीत नुसतं तेल नसतं, ताई," मॅडम सांगत होत्या. "तिच्यात काही पेशी असतात, ज्यांचं काम अजून ठरलेलं नसतं. स्टेम सेल म्हणतात त्यांना, मूळपेशी. पोटातून बारक्या नळीनं चरबी ओढायची, धुवायची, यंत्रात गरागरा फिरवायची. त्या पेशी तळाला बसतात. त्या काढून जखमेच्या कडेनं आणि बुडात टोचायच्या. तिथं गेल्या की त्या बाकीच्यांना कामाला लावतात. रक्ताच्या नवीन वाटा होतात, मांस धरायला लागतं."

"म्हंजे ताक घुसळायचं," आई म्हणाली.

"अगदी."

"आन् ह्ये लोणी पायाला लावायचं. पर बाई, परक्याचं तर न्हाई न्हवं टोचणार?"

"छे. तुमचंच तुम्हाला."

"मग झालं. म्होरं बोला."

मॅडमनी माझ्याकडे तोंड केलं आणि आवाज उतरवला. "हे बघा, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. मी केलेल्यांत काहींचे पाय राहिले, काहींचे नाही राहिले. पण यांच्या पायातलं रक्त अजून चालू आहे, म्हणून मला करावंसं वाटतंय. आधी पू पूर्ण जाऊ दे, महिनाभर लागेल. तोवर यांनी एकच करायचं. जेवायचं. दोन्ही वेळा पोटभर, अंडी, डाळ, दूध. अंगात अन्न नसेल तर त्या पेशी तरी कशानं घर बांधणार? आणि ही वळी मला अशीच्या अशी परत पाहिजे."

"ऐकलंस ना, आई?" मी म्हटलं.

"ऐकलं की. बहिरी हाय व्हय मी?" आई म्हणाली, आणि भिंतीकडे बघायला लागली.

मी एस्टीच्या विटा स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये होते. फलाटावर गाडी लागली की माइकवरून सांगायचं. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणायचे. जयकर, माझा नवरा, मागच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. स्टँड आणि वर्कशॉप यांच्यात एक भिंत. भोंग्यातला माझा आवाज त्याला दिवसभर ऐकू यायचा, आणि घरी आला की तो माझी नक्कल करायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, जयकर पाटील यांचा चहा फलाट क्रमांक एकवर उभा आहे." फार वात्रट माणूस.

तो गेला तेव्हा मी माइकवर होते. स्वारगेटच्या गाडीचं दुसऱ्यांदा सांगत होते. वर्कशॉपमधला रमजान दारात येऊन उभा राहिला, त्याच्या तोंडावरून मला सगळं कळलं. तरी मी "मार्गे कराड, सातारा" पर्यंत सांगून पुरं केलं आणि मग माइक बंद केला. लोकांची गाडी चुकली असती. रमजाननं नंतर सगळं सांगितलं, तो कसा वाकला होता, छातीला कसा हात लावला, पडताना काय ओरडला. मी मान हलवली. तेराव्यानंतर पुन्हा केबिनमध्ये बसले आणि पहिल्याच दिवशी स्वारगेट सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. चहावाला म्हणाला, बाई दगड आहे. मला ते खरं वाटलं.

आई तेव्हापासून माझ्याकडेच होती. "सोबतीला आले," म्हणाली आणि बोचकं ठेवलं ते ठेवलंच. माझं रडणं बघायला ती टपून बसलेली असायची. सणावाराला मुद्दाम जयकरच्या आवडीची शेंगदाण्याची पोळी करायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी पोळी खायचे आणि हात धुवायचे.

तर मॅडमनी जेवायला सांगितलं, आणि मी कंबर कसली. माझी दुपारची पाळी. निघताना आईला समोर बसवून जेवू घालायचे आणि रात्रीचं झाकून ठेवून जायचे. दोन भाकरी, डाळ, उकडलेली अंडी, दुधाचा तांब्या. घरी यायचे तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली असायची. "जेवलीस?" "पोट फुटंस्तवर." आणि तरी आई वाळायला लागली. झंपर ढगळ झाला. दोनदा संध्याकाळी घाम फुटून ती भिंतीला धरून बसली, शेजारच्या वहिनींनी साखर चारली म्हणून निभावलं. मला वाटलं, आजारानंच होत असणार. गल्लीतलं कुत्रं मात्र गरगरीत झालं होतं, आणि मी केबिनला निघाले की ते आमच्या दारात येऊन बसायचं. ते मला दिसत होतं. दिसूनही मला काही कळलं नाही, तेव्हा माझं सगळंच तसं होतं.

महिन्यानं मॅडमनी पुन्हा पोटाला हात लावला. वळी चिमटीत येईना, नुसतं कातडं आलं. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, मग आईकडे, मग माझ्याकडे.

"काय खायला घालता हो यांना?"

मी सगळं सांगितलं.

"मग ते जातंय कुठं?" मॅडम चिडल्याच. "आजी, खरं सांगा. जेवता का?"

"जेवते की."

"दोन वेळा?"

मॅडमनी खुर्ची ओढली आणि तिच्या उशाशी बसल्या. "पू गेलाय. जखम स्वच्छ आहे. आज मी तुम्हाला आत घेतलं असतं. पण चरबीही गेली आणि अंगातला जोरही गेला. तीन आठवडे देते. भरून आलात तर करू. नाही आलात तर जखम हाडापर्यंत पोचेल, आणि मग मी पण सांगलीवाल्यांसारखंच म्हणेन. पाय काढा."

परत येताना गाडीत मी तिला खिडकीची जागा दिली. आई खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होती आणि कुणाचा किती वाढलाय ते सांगत होती.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मरगुबाईच्या देवळातली इंदू गुरवीण घरी आली. आईला आता टेकडी चढवेना, म्हणून अंगारा घेऊन ती आपण होऊन आली होती. माझी सुट्टी होती, दार मी उघडलं. गुरविणीनं आत पाऊल टाकायच्या आधी माझं तोंड निरखून बघितलं.

"काय गं शालन, रडलीस का न्हाईस अजून?"

"काय?"

"इंदे!" आतून आई ओरडली. "गप बस!"

पण गुरवीण गप बसणारी नव्हती. "का म्हणून गप बसू? म्हातारे, तुजा पाय सडाय लागलाय. देवीपुढं माज्यासमोर बोललीस, मग पोरीला कळाय नगं?" ती माझ्याकडे वळली. "तुज्या डोळ्यातनं पाणी येस्तवर एकदाच जेवीन आन् मंगळवारी अनवाणी यीन, असं बोललीया ही. उन्हाळ्यापास्नं पाळतीया की."

मी दारातच उभी राहिले. मग आत गेले. आई खाटेवर बसली होती, पाय पाटावर ठेवलेला. तिनं मान खाली घातली नाही, उलट चोरी पकडली गेली की लहान पोर कसं वर तोंड करून बघतं, तशी बघत होती.

"खरं आहे हे?"

"हाय."

"आणि रात्रीच्या भाकरी?"

"कुत्र्याला घातल्या. वाया न्हाई घालवल्या."

"आई, अगं तुला वेड लागलंय का? साखरेची गोळी घेऊन उपाशी राहतेस, मेली असतीस. पाय जायची वेळ आली. माझ्या रडण्यासाठी? कशाला पाहिजे तुला माझं रडणं?"

"वरडू नगंस. वरडलीस तरी आवाज बग तुजा, गाडी आल्याली सांगतीस तसा येतोय." आईनं पदरानं तोंड पुसलं. "थिजलीयास तू, शाले. थंडीत तूप थिजतंय तशी. जयकर माजा जावई हुता, मी महिनाभर रडले. तू न्हाई रडलीस. नवरा गेल्याली बाई रडत न्हाई, म्हंजी ते समदं आतच ऱ्हातंय. मला भ्या वाटतंय तुजं. तू एक दिस अशीच माइक बंद करशील आन् जाशील कुटंतरी."

तसं माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"तो नवस सोड," मी म्हटलं. "देवीला सांग, चूक झाली."

"बोलल्यालं मोडत न्हाई मी."

"पाय जाईल."

"जाऊ दे. म्हातारीला कुटं नाचायचंय?" ती म्हणाली. पण बोलताना तिचा हात पायाकडे गेला आणि तिनं पोटरी धरून ठेवली. तिला पाय पाहिजे होता. टेकडी चढायला, गल्लीत फिरायला, माझ्या मागं मागं घरभर हिंडायला, सगळ्याला पाहिजे होता. ते मला लख्ख दिसलं.

गुरवीण अंगारा ठेवून निघून गेली. मग मी रडायचा प्रयत्न केला. सांगायला लाज वाटते, पण खरंच केला. कपाट उघडून जयकरचे शर्ट काढले. ग्रीसचे डाग असलेला खाकी शर्ट नाकाशी धरला, त्याला नुसता डांबरगोळीचा वास होता. त्याचं पाकीट बघितलं, त्यात माझा लग्नाच्या आधीचा फोटो होता, दोन वेण्यांचा. मोबाईलमध्ये त्यानं माझी नक्कल केलेली रेकॉर्ड होती, ती लावली. ऐकली, बंद केली. डोळे कोरडे ठणठणीत. माझा मलाच राग यायला हवा होता, तोही येईना. शर्टाच्या घड्या घालून सगळं परत जागच्या जागी ठेवलं.

असे दिवस गेले. आई दुपारी एकदाच जेवायची, आता उघडपणे. मी रात्रीचं ताट पुढं ठेवलं की ती "नगं" म्हणून सरकवायची. पाय बांधायला येणारी नर्स म्हणाली, कड जरा काळी वाटतेय. मॅडमनी दिलेल्या मुदतीतला एक आठवडा संपला होता.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी पिठल्याला कांदा चिरत होते. डोळ्यांत झोंबलं. पाणी आलं तशी मी थांबले, विळीवरच बसून राहिले. मग चिरलेली फोड हातात दाबली आणि बोटं डोळ्यांखाली चांगली चोळली. एवढी आग झाली की नाकही गळायला लागलं. तशीच उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि आईपुढं जमिनीवर बसले.

"आई, बघ."

आईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "कशानं आलं?"

"जयकरची आठवण आली."

माझा आवाज तोच होता, माइकवरचा. माझा मला ऐकू आला. आईनं माझा उजवा हात ओढून घेतला, तळवा उलगडला, नाकाशी नेला आणि हुंगला. तिनं हात सोडला आणि पाटावरचा पाय नीट ठेवला.

"पिठलं झालं न्हवं?" ती म्हणाली. "वाढ मग. लई भूक लागलीया."

ती पोटभर जेवली. दोन भाकरी, वर अंड्याचं पोळं मागून घेतलं, वर दूध. खाता खाता एकदा स्वतःशीच पुटपुटली, "तिचं मी बगते, काय सांगायचं ते." एस्टीत अर्ध्या तिकिटासाठी पोरांचं वय कधी कमी करून न सांगणारी बाई ती. कंडक्टरशी खोटं बोलली नाही, आणि माझ्यासाठी देवीशी खोटं बोलायला तयार झाली होती. मला भरून यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी ताटं उचलली आणि घासायला बसले.

तिथून पुढं आई जेवायची म्हणजे जेवायची. कुत्रं दारात येऊन हिरमुसून जायचं. तीन आठवडे पुरे झाले तेव्हा मॅडमनी पोट चिमटीत धरलं, आणि पहिल्यासारखी नाही तरी चिमूटभर वळी आली. रिपोर्टही वर चढला होता. "एवढ्यात भागवू," त्या म्हणाल्या. "मांडीचीही थोडी घेऊ."

ऑपरेशनला मी बाहेर बाकावर बसले. बऱ्याच वेळानं मॅडम टोपी काढत आल्या. त्यांच्या हातात एक छोटी सिरिंज होती, मला दाखवायला आणलेली. तळाशी थोडंसं, गढूळ लालसर पाणी.

"एवढंच?" मी विचारलं.

"मोठ्या बाटलीभर चरबीतून कामाचं एवढंच निघतं. हे राहिलेलं तुम्हाला दाखवायला. बाकी सगळं आत टोचलं." त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं, मी उठून उभी राहिले होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "ताई, तुम्ही काही खाल्लंत का?"

मी "हो" म्हटलं. खाल्लं होतं की नाही, आठवत नव्हतं.

आठवड्यानं पहिलं बँडेज सोडायचं होतं. आई उशीला टेकून बसली होती. पोटाला रुंद पट्टा आवळलेला, त्याला ती येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देत होती. मी तिच्या उशाशी. मॅडम पायाशी स्टुलावर बसल्या आणि पट्टीचे एकेक पदर उलगडायला लागल्या. शेवटची जाळी उचलली आणि त्या जखमेवर अगदी जवळ वाकल्या. मी आईचा खांदा धरला.

"ताई, इकडे या," त्या म्हणाल्या. "बघा."

खड्डा होता, पण आत पूर्वीसारखा पांढुरका, मेलेला रंग नव्हता. लाल होता, तळापासून लाल, बारीक दाणे धरलेला. एका कडेला मॅडमनी कापूस टेकवला तर त्याला ताजं रक्त लागलं.

"मांस धरतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे मास्कच्या वर हसत होते. "भरायला महिने जातील, अजून काळजी घ्यायचीच आहे. पण पाय काढायची भाषा मी आता करत नाही."

"बगू, मला बगू," आई म्हणाली. मी मोबाईलवर फोटो काढून दाखवला. तिनं तो लांब धरून, जवळ धरून बघितला. "ह्यो कुणाचा म्हनायचा? मला तर काय बी कळंना झालंय."

"तुमचाच, आजी. आता जरा पोट दाखवा."

पट्टा सोडला. पोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं, मांडीपर्यंत. कुठं पाणी साठलंय का ते बघायला मॅडमनी दोन बोटं ठेवली आणि दाबली.

"आई गं!"

आई एवढ्यानं ओरडली की दारातला वॉर्डबॉय आत डोकावला. टाचेतलं मांस खरवडताना गावगप्पा मारणारी बाई ती. मी जन्मात तिच्या तोंडून ती हाक ऐकली नव्हती. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेलेली, तिला चेहराही माहीत नव्हता, आणि सत्तरीच्या वयात ती तिलाच हाक मारत होती.

जयकर हेच ओरडला होता. एकदाच, पडताना. रमजान म्हणाला होता, "वहिनी, 'आई गं' म्हणाला. पण भोंग्यावर तुमचं स्वारगेट चाललेलं, आम्हाला वाटलं गाडीतल्या कुणाचं पोर ओरडलं. तुमचं पहिल्यांदा सांगून संपलं तेव्हा बघितलं तर..." ते मी दीड वर्ष ऐकून घेतलं नव्हतं. त्यानं हाक मारली आणि तिच्यावरून माझा आवाज गेला. कराड, सातारा. माझ्या चांगल्या आवाजाखाली ती हाक गेली.

पहिल्यांदा मला वाटलं ठसका लागला. मग घशातून भलताच आवाज आला, आणि मी आईच्या खाटेची दांडी धरून खाली बसले. रडणं म्हणजे डोळ्यांत पाणी येणं नव्हे, पोटातून सगळं उपसून येत होतं, मला श्वास घेता येईना. मी जयकरला हाका मारत होते. मला फार दुःख झालं होतं. दीड वर्षापूर्वीच झालं होतं, ते आता लागलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, मी तो सांडला.

"शाले," आई म्हणाली. "हिकडं ये."

मी गुडघ्यांवर सरकत गेले. ती वाकू शकत नव्हती, दुखत होतं. तिनं माझा उजवा हात ओढून घेतला आणि नाकाशी नेला. हुंगला. मग डावा घेतला, तोही हुंगला.

"साबण हाय," ती हळूच म्हणाली. "नुसता साबण."

दोन्ही हात तिनं आपल्या मुठीत धरून ठेवले आणि मुजावर मॅडमकडे मान वळवली. त्या बोटं मागं घेऊन तशाच उभ्या होत्या.

"थांबलाय कशापायी, बाई?" आई म्हणाली. "दाबा की अजून जरा."